किलोमीटर आणि प्रतीक्षा : दोन बेटं, एक जंगल

पोर्ट ब्लेअर ते अगत्ती हे अंतर किती? असा प्रश्न आज कुणी विचारला तर मोबाईल क्षणात उत्तर देतो. पहिला विमानतळ बंगालच्या उपसागरात, अंदमान बेटांवर. (शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालं आहे.) दुसरा अरबी समुद्रात, लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतले आणि गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची रेघ काढली, तर अंतर येतं सुमारे २,२४० किलोमीटर. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने गेलं असं धरलं, तर प्रवास होतो साधारण तीन तासांचा. गणित चोख आहे. अडचण एवढीच, की या रेघेवरून जाणारं विमान नाही.

अंदमानातून अगत्तीला जायचं तर आधी मुख्य भूमीवर यावं लागतं. समजा चेन्नई, मग कोची, मग अगत्ती अशी वाट धरली. पहिला टप्पा सुमारे १,३७० किलोमीटर, दुसरा ५२०, तिसरा ४७०. बेरीज झाली २,३६०. म्हणजे वळसा जेमतेम १२० किलोमीटरचा, शेकडा पाच-सहा. तरीही तीन तासांच्या जागी पूर्ण दिवस जातो, आणि पुढचं विमान चुकलं तर एक मुक्कामही पडतो. कारण अगत्तीची धावपट्टी आखूड आहे, तिथे छोटी पंख्याची विमानं उतरतात आणि त्यांच्या फेऱ्या मोजक्या असतात. प्रवाशाचा वेळ आकाशात कमी आणि विमानतळाच्या बाकड्यावर जास्त खर्च होतो.

हे जे वाढलेलं अंतर आहे, ते नकाशावर कुठेच दिसत नाही. ते प्रतीक्षेत असतं. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन, असं आपण शाळेत शिकलो. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र बेटाची व्याख्या वेगळी आहे. जिथून शेजारी जाण्यासाठी दुसऱ्याच्या सोयीची वाट पाहावी लागते, ते बेट.

ही व्याख्या मान्य केली, तर बेट शोधायला समुद्रावर जाण्याची गरज उरत नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, दोन्ही समुद्रांपासून दूर, गडचिरोली जिल्ह्याचा एटापल्ली तालुका आहे. तिथे विमानतळ नाही आणि रेल्वेही नाही. अख्ख्या जिल्ह्याचं रेल्वे स्थानक उत्तरेला वडसा-देसाईगंजला आहे. एटापल्ली आणि शेजारचा भामरागड हे दोन तालुके पावसाळ्यात आजही बेटं होतात. त्यांच्यातलं अंतर किती, हा प्रश्न पोर्ट ब्लेअर-अगत्तीच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर इतिहासात थोडं मागं जावं लागेल.

तीन दिवसांची वाट

अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय आपल्याला अलीकडे लागली. त्याआधी माणसं अंतर वेळेत मोजत. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’वरून आला आणि क्रोश म्हणजे हाक. हाक जिथवर पोहोचते ते अंतर. मजल, मंझिल हे शब्दही एका दिवसाच्या चालीसाठी वापरले जात.

इस्लामी धर्मशास्त्रात या विषयाची बारकाईने चर्चा झालेली आहे, कारण प्रवाशाला नमाजात सवलत आहे. मुसाफिराने चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींत अदा करायची असते, तिला कसर म्हणतात. मग मुसाफिर म्हणायचं कुणाला? भारतातले बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी पंथाचे आहेत, त्याचं मूळ उत्तर होतं : तीन दिवसांची वाट. उंटाच्या किंवा पायी चालणाऱ्या माणसाच्या मध्यम चालीने. पुढे सोयीसाठी त्याचे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७८ किलोमीटर ठरवले गेले. पण जुन्या फकीहांनी दोन मोलाच्या गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की जमिनीचं माप समुद्राला लावायचं नाही. समुद्रात मध्यम वारा असताना गलबत तीन दिवसांत जेवढं जाईल ते अंतर धरायचं. डोंगरात डोंगराची चाल धरायची. दुसरी गोष्ट औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’मध्येही आढळते. एकाच गावाला दोन वाटा असतील, एक लांबची आणि एक जवळची, तर माणूस ज्या वाटेने गेला ती वाट मोजायची. लांबच्या वाटेने गेलेला मुसाफिर ठरतो, जवळच्या वाटेने गेलेला ठरत नाही. गाव तेच, माणूसही तोच.

म्हणजे अंतर हा दोन ठिकाणांचा गुणधर्म नसून तो वाटेचा गुणधर्म आहे, हे त्या काळच्या विद्वानांना स्पष्ट दिसत होतं.

याच परंपरेतल्या अल-बिरुनीने उलट बाजूने काम केलं. भारतावर ग्रंथ लिहिणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. पण अकराव्या शतकात त्याने ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बगदाद ते गझनीपर्यंतच्या शहरांमधली सरळ अंतरं त्याला हवी होती. हाताशी होते फक्त काफिल्यांच्या मार्गांचे आकडे. तेव्हा रस्ता किती वळणाचा आणि किती अवघड, याचा अंदाज घेऊन तो त्या आकड्यातून काही भाग वजा करी आणि उरलेल्या अंतराला गोलाकार पृथ्वीचं गणित लावी. आज विमान कंपन्या वापरतात त्या हवाई अंतराचं हे पूर्वरूप म्हणता येईल. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की सरळ रेघ काढताना आपण रस्त्याचा त्रास वजा करतो आहोत, याचं भान बिरुनीला होतं. आपण ते हरवून बसलो आहोत.

नदी न ओलांडणारी रेघ

सरळ रेघेचं गणित विदर्भात पोहोचलं ते इंग्रजांबरोबर. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने त्रिकोणमितीच्या साह्याने भारत मोजायला सुरुवात केली. जमिनीवर एक पायारेषा साखळीने मोजायची, तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीकडे कोन घ्यायचे आणि त्रिकोण सोडवायचे. एका त्रिकोणावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असं करत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचं निधन झालं. त्याची कबर तिथेच आहे.

लॅम्बटननंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं. त्याची अवजड उपकरणं बिघडली, तेव्हा ती दुरुस्त करणारा आणि नव्याने घडवणारा कारागीर होता अर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसैन. त्याचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही.

या पद्धतीची खुबी अशी, की मोजणाऱ्याला मधली नदी ओलांडावीच लागत नाही. त्याची नजर ती ओलांडते. दोन टेकड्यांमध्ये पूर असो, दलदल असो की वाघाचं रान, अंतर अचूक निघतं. सत्तेसाठी हे सोयीचं होतं. नकाशा तयार झाला आणि चांद्याचं जंगल नागपूर, मद्रास, मुंबईपासून किती दूर आहे, हे कागदावर ठरलं. पण त्या कागदावर पर्लकोटा, बांडिया, इंद्रावती या नद्या निव्वळ निळ्या रेघा होत्या. आषाढात त्या काय करतात, हे नकाशाला सांगता येत नव्हतं.

१८५८ : जंगल आणि काळं पाणी

नागपूरचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि चांदा त्यांच्या हाती आला. आजचा गडचिरोली जिल्हा हा त्याच चांदा जिल्ह्याचा भाग होता, २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा झाला. या भागात गोंड जमीनदाऱ्या होत्या आणि त्यांत अहेरीची सर्वांत मोठी होती. चारच वर्षांत इथे उठाव झाला. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके त्याचे नायक. त्यांच्या फौजेत गोंडांबरोबर रोहिलेही होते. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले.

२९ एप्रिल १८५८ रोजी या फौजेने प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडी इथल्या तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याच्यापर्यंत पोहोचला. हल्ल्याचं लक्ष्य लक्षात घ्यावं. तारायंत्र हे अंतर पुसून टाकणारं त्या काळचं सर्वांत नवं साधन होतं. घोडेस्वाराला अनेक दिवस लागणारा निरोप तारेवरून काही मिनिटांत जाई. जंगलाचा दुर्गमपणा ही तिथल्या माणसांची ढाल होती आणि तार ती ढाल भेदत होती. बाबुरावांना पुढे पकडण्यात आलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरच्या रानात निघून गेले. १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेपेच्या हद्दपारीची, लोकांच्या भाषेत काळ्या पाण्याची, शिक्षा झाली.

इथे जंगल आणि बेट पहिल्यांदा एकत्र येतात. त्याच वर्षी, मार्च १८५८ मध्ये, बंडातल्या कैद्यांची पहिली तुकडी अंदमानात उतरवली गेली होती. इंग्रजांनी हे बेट निवडलं ते त्याच्या अंतरासाठीच. हजार-बाराशे किलोमीटरच्या समुद्राइतकी मजबूत भिंत कुठल्याही तुरुंगाला बांधता आली नसती. मौलाना फजल-ए-हक खैराबादी हे त्या काळचे मोठे तत्त्वज्ञ आणि अरबीचे पंडित. त्यांनाही तिथेच पाठवलं गेलं आणि १८६१ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याबद्दल परंपरेने एक हकिकत सांगितली जाते. त्यांचा मुलगा सुटकेचा हुकूम घेऊन बेटावर उतरला, तेव्हा समोरून एक जनाजा येत होता. चौकशी केली तर तो वडिलांचाच होता. ही हकिकत शब्दशः घडली असो वा नसो, दीडशे वर्षं ती सांगितली जाते, कारण बेटाचं अंतर तिच्यात नेमकं पकडलेलं आहे. हुकूम निघाला होता, जहाज निघालं होतं, पण वेळ निघून गेली होती.

जंगलापर्यंत आलेला समुद्र

याच काळात एक उलटा प्रयत्नही झाला. जंगल समुद्राला जोडण्याचा. सर आर्थर कॉटन या इंजिनिअरने गोदावरीवर धवलेश्वरम इथे बंधारा बांधला होता. त्याचं स्वप्न मोठं होतं. वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस वर्धा नदीतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि तिथून थेट पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरात न्यायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा या योजनेला जोर आला. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्यात. कालवे खोदले गेले, बांध घातले गेले. पण नदीचं वेळापत्रक इंजिनिअरांच्या हातात नव्हतं. उन्हाळ्यात पाणी आटे, पावसाळ्यात ते आवरेना. मधल्या काळात, १८६७ मध्ये, मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापूस तिकडे वळला. १८७१ मध्ये योजना गुंडाळली गेली.

या अपयशात एक गोष्ट ठळक दिसते. जलमार्ग ज्या प्रदेशातून जाणार होता, तिथल्या गोंड-माडिया माणसांना आलापल्लीहून भामरागडला जायला किती वेळ लागतो, हा प्रश्न त्या आखणीत नव्हता. वाट कापसासाठी होती. कापसाला दुसरी वाट मिळाली आणि जंगल पुन्हा होतं तिथेच राहिलं. रेल्वेनेही तेच केलं. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ मार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्या या जंगलाच्या पश्चिम कडेने धावू लागल्या. दोन महानगरं जवळ आली. त्या रुळांपासून काही मजलांवर असलेली एटापल्ली तेवढीच लांब राहिली.

एटापल्ली ते भामरागड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एटापल्ली ते भामरागड हवाई अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. हेलिकॉप्टरला ते काही मिनिटांचं काम. नेहमीची गाडीवाट मात्र आलापल्लीवरून जाते. एटापल्ली ते आलापल्ली सुमारे ३० किलोमीटर, तिथून भामरागड सुमारे ६५. बेरीज ९५. म्हणजे अंदमान-लक्षद्वीपच्या प्रवासात वळसा शेकडा पाच-सहाचा होता, इथे तो दुपटीहून जास्त आहे. फकीहांचा जुना नियम इथे लावून पाहण्यासारखा आहे. आकाशातून जाणारा ७८ किलोमीटरच्या आत राहतो, तो मुसाफिर ठरणार नाही. एसटीने जाणारा ठरेल. गाव तेच.

पण हा हिशोब उन्हाळ्याचा झाला. भामरागड हे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. गावात शिरताना पर्लकोटा ओलांडावी लागते. तिच्यावरचा जुना पूल इतका ठेंगणा, की इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी मागे दाटतं आणि पूल बुडतो. एकेका पावसाळ्यात अनेकदा बुडतो. नदीच्या अलीकडे हेमलकसा आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना उभा केला. सुरुवातीच्या वर्षांत पावसाळा लागला की सहा-सहा महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. हेमलकसा आणि भामरागड यांत अंतर अवघं तीन किलोमीटर. पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की त्या तीन किलोमीटरला किती वेळ लागतो? एक दिवस, दोन दिवस, कधी आणखी. चालण्याचा वेळ तोच, पाऊण तास. बाकीची प्रतीक्षा.

वर्तमानपत्रात तेव्हा मथळा येतो : ‘भामरागडचा संपर्क तुटला’, ‘शंभरावर गावं संपर्काबाहेर’. संपर्क दोन्ही बाजूंचा तुटलेला असतो, पण बाहेर पडलेली म्हणून नोंद नेहमी एकाच बाजूची होते.

या प्रतीक्षेची किंमत कोण देतं, हे सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. अहेरी तालुक्यात तापाने दगावलेल्या आपल्या दोन लहान मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन आईवडील गावाकडे चालत निघाले. वाट सुमारे १५ किलोमीटरची, चिखलाची आणि नाल्यांची. शहरात १५ किलोमीटर म्हणजे घरापासून ऑफिस. इथे तेवढंच अंतर एका कुटुंबाला आयुष्यभर पुरणारं होतं.

आकाशातून काय येतं

या जंगलात विमानतळ नसला तरी आकाशमार्ग नवा नाही. निवडणूक आली की अहेरी विधानसभा क्षेत्रातल्या संवेदनशील केंद्रांवर मतदान पथकं हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने पोहोचवली जातात. २०१९ मध्ये असं झालं, १९ एप्रिल २०२४ च्या मतदानापूर्वीही झालं. यंत्रं, कर्मचारी, सुरक्षा जवान सगळे काही मिनिटांत रानातल्या हेलिपॅडवर उतरतात आणि मतदान संपलं की तसेच परत जातात. लोकशाहीसाठी हे आवश्यकच आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. पुराच्या दिवसांत गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरने हलवल्याच्या घटनाही आहेत आणि त्या करणाऱ्यांचं कौतुकच व्हायला हवं. पण हेलिकॉप्टर येतं ते बोलावल्यावर, आणि बोलावणारा तिथला शेतकरी नसतो. अगत्तीचं विमान निदान वेळापत्रकात तरी असतं.

जमिनीवरच्या वाटेचीही तीच कथा आहे. एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे लोहखनिजाचे डोंगर आहेत. २००७ मध्ये तिथे खाणीचा पट्टा मंजूर झाला. विरोध झाला, माओवाद्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहून नेणारी कितीतरी वाहनं जाळली, आणि २०२१ पासून उत्खनन पुन्हा जोरात सुरू झालं. खनिजाचे अवजड ट्रक एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर दिवसरात्र धावू लागले. खाण चांगली की वाईट हा स्वतंत्र विषय आहे. इथे फक्त एवढंच नोंदवायचं, की कापसासाठी आखलेला जलमार्ग आणि खनिजासाठी रुंदावणारा रस्ता या दोन्हींची दिशा एकच आहे. आतून बाहेर. एका गावातून शेजारच्या गावात जाणारी वाट मात्र सर्वांत शेवटी होते.

म्हणूनच १ जानेवारी २०२५ ही तारीख महत्त्वाची वाटते. त्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अहेरी ते गर्देवाडा एसटी बस सुरू झाली. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याने हा छत्तीसगड सीमेलगतचा भाग जोडला गेला. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर तिथे पहिली एसटी पोहोचली, असं त्या दिवशी सांगितलं गेलं. बातम्यांत भर होता तो उद्घाटनावर. खरी घटना वेगळी होती. त्या दिवसापासून गर्देवाड्याच्या माणसाला ठरलेल्या वेळी निघणारी गाडी मिळाली. बेटाला वेळापत्रक मिळालं की ते थोडं कमी बेट होतं.

प्रतीक्षेचा हिशोब

सरकारचे बहुतेक निकष किलोमीटरमध्ये आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. पुण्या-मुंबईत बसून हे वाजवी वाटतं. पण एटापल्लीत त्या एका किलोमीटरमध्ये नाला असेल, तर शाळा जून ते सप्टेंबर दुसऱ्या बेटावर असते. नकाशावर निकष पूर्ण झालेला असतो, पटावर मूल गैरहजर असतं.

याच सरकारने काही ठिकाणी वेळेचा हिशोब मांडलेलाही आहे, आणि तिथे तो उपयोगी पडला आहे. दुर्गम गावांत पावसाळ्याआधीच काही महिन्यांचं रेशन पोहोचवून ठेवण्याची पद्धत आहे. पूर येईल तेव्हा धान्य आधीच नदीपलीकडे असतं. दुसरं उदाहरण माहेरघर योजनेचं. आदिवासी भागातल्या गरोदर बाईने बाळंतपणाच्या तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, तिच्या राहण्या-जेवणाची सोय तिथे करायची. या योजनेने एकही किलोमीटर कमी केला नाही. तिने प्रतीक्षा नदीच्या अलीकडून उचलली आणि दवाखान्याच्या दारात आणून ठेवली. कळा सुरू झाल्यावर पूर ओसरण्याची वाट पाहणं आणि कळा सुरू होण्याची वाट दवाखान्याजवळ पाहणं, यात एका आयुष्याचा, खरं तर दोन आयुष्यांचा फरक आहे. मात्र घरी लहान मुलं, गुरं आणि शेतातली रोवणी सोडून यायचं तर बुडालेल्या मजुरीचं काय, हा प्रश्नही त्याच हिशोबात धरायला हवा. तो धरला नाही तर माहेरघराची खोली रिकामी राहते.

आता गडचिरोलीलाही विमानतळ होणार, अशा घोषणा होत आहेत. व्हावा. जिल्हा मुख्यालय मुंबईपासून दोन तासांवर येईल. पण एटापल्लीपासून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि भामरागडपासून त्याहून जास्त. पर्लकोटेवर पाणी असताना भामरागडच्या माणसाला गडचिरोली ते मुंबई हे सुमारे ७५० किलोमीटरचं हवाई अंतर दोन तासांचं असेल, आणि हेमलकशापर्यंतचे तीन किलोमीटर दोन दिवसांचे. पर्लकोटेवरच्या उंच पुलाचं काम लांबत गेलं आहे. विमानतळाच्या बातमीपेक्षा त्या पुलाची बातमी तिथे जास्त आतुरतेने वाचली जाईल.

जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत गावांच्या अंतराचा तक्ता असतो. गाव, तालुक्यापासून अंतर, जिल्ह्यापासून अंतर, सगळं किलोमीटरमध्ये. त्यात आणखी दोन रकाने घालायला फार पैसा लागणार नाही. एकात उन्हाळ्यात दवाखान्यापर्यंत लागणारा वेळ लिहावा, दुसऱ्यात श्रावणात लागणारा वेळ. हे आकडे गावातल्या कुणालाही विचारले तरी मिळतील. उन्हाळ्याचा आणि श्रावणाचा आकडा जिथे जवळपास सारखा असेल, ते गाव जमिनीवर आहे. जिथे पहिल्या रकान्यात दोन तास आणि दुसऱ्यात दोन दिवस असतील, ते बेट आहे, आणि पूल, बस, परिचारिका किंवा औषधाचा साठा आधी कुठे पाठवायचा, हे त्या तक्त्यावरूनच ठरवता येईल.